कोरियन मेपलला रंग चढू लागला

आज सकाळी अंगणातल्या कोरियन मेपलपाशी बराच वेळ रेंगाळलो. चार वर्षांपूर्वी लावलेल्या या झाडाची शेंड्याकडची पाने शेंदरी झाली आहेत, आतली अजून हिरवीच आहेत आणि एका पंजासारख्या पानाच्या नऊ बोटांपैकी तीनच रंगली आहेत. याआधी हौसेने जपानी मेपल लावला होता. दोन हिवाळ्यांत त्याच्या फांद्या टोकापासून वाळत गेल्या आणि तिसऱ्या वसंतात तो फुटलाच नाही. हा मात्र उणे ३० अंशांच्या आसपासची थंडीही सोसतो, शिवाय पानांची नक्षी जवळजवळ तीच. हरितद्रव्य ओसरत असताना दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा (गोठवणारा नव्हे) मिळाला, की पानात साठलेल्या साखरेच्या आधाराने लाल रंगद्रव्य तयार होते, म्हणून त्याच्यावर सावली धरणारे झुडूप मी उन्हाळ्यातच छाटले होते. आज बुंध्याशी घातलेले सालीचे आच्छादन खोडाला टेकलेले दिसले. तसेच राहिले तर साल कुजते आणि हिवाळ्यात ती कुरतडणाऱ्या उंदरांचेही फावते. गुडघ्यांवर बसून खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी केली. गुडघे अजून कुरकुरत आहेत.