माळवदाखालचं मंगल कार्यालय : आमची वाटचाल

लातूरच्या जुन्या गावभागातला आमचा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, चौसोपी वाडा आज मंगल कार्यालय म्हणून ओळखला जातो. चौकात मांडव, सोप्यांत पंगत, माडीवर वऱ्हाडाची उतरायची सोय. बारशी, साखरपुडे करत लग्नं मिळू लागली. ती वर्षं बरी गेली.

मग बायपासला एक लॉन उघडलं. त्यांच्याकडे पार्किंग जास्त, हे मान्य. पण त्यांच्या माणसानं वधूपित्यांच्या कानात एकच घातलं, "माळवदाचा वाडा आहे, किल्लारी विसरलात का?" ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट ज्यानं पाहिली, त्याला आणखी काय सांगावं लागतं? ऐन लग्नसराईत लोक इसार परत मागायला दारात. आचारी, मांडववाले यांचे पैसे देण्यासाठी घरातलं सोनं गहाण पडलं. हे मनातून जात नाही.

किल्लारीला घरं पडली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींमुळे आणि वरच्या मातीच्या ओझ्यानं. गळती थांबवायला पांढऱ्या मातीचे नवे थर चढत राहतात, जुना कुणी काढत नाही. आम्ही तो कार्यालय सुरू करण्याआधीच उतरवला होता! गवंडी मामांनी वरचे थर कुदळीनं काढले, शेवटचा मात्र खुरप्यानं सोलला. किलचन, म्हणजे मातीखालचं लाकडी फळ्यांचं छत, उघडं पडल्यावर करणीच्या मुठीनं एकेक फळी वाजवून पाहिली. बद्द आवाज आला की ती बाद. सागवानी खांब, तुळया शाबूत निघाल्या. भिंतींत आरपार दगड बसवले, वर पातळ थर आणि चुन्याचा कोबा. चुना घाण्यात मळलेला, गूळ-बेलफळाचं पाणी घालून.

हे काम मार्केट यार्डातल्या एका अडते काकांनी येता-जाता पाहिलं होतं. सगळे तारखा मोडत असताना त्यांनी धाकटीचं लग्न इथंच लावलं, आणि व्याह्यांना माळवदावर सतरंजी टाकून चहा पाजला. गावानं ते पाहिलं. त्यानंतर तारखा पुन्हा लागू लागल्या. काकांच्या घरच्या कार्याला आम्ही आजही भाडं सांगत नाही, ते देतील ते घेतो.

ज्यांचा जुना वाडा आहे त्यांना सांगतो, चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरते. मृगाआधी पन्हाळी मोकळ्या करा. आणि माळवदावर पाण्याची टाकी? अजिबात नको.

बुकिंगला याल तेव्हा आधी सोप्यात उभं राहून किलचन नीट बघून घ्या, तारखेचं मग बोलू.