कुत्रा कुठाय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कुत्रा नाहीये. कधी नव्हताच. माझ्या सायकलच्या सीटखाली जो आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा लावलेला असतो तो कुत्र्याचाच आहे, दुकानातून कुत्र्याचा म्हणूनच घेतलेला. फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. लोकलचा लगेज डबा, मुलुंडचा सिग्नल, आमच्या सोसायटीचा वॉचमन, नणंदेचा मुलगा, सगळ्यांचं विचारून झालंय. एका वाक्यात उत्तर दिलं की लोकांना चेष्टा वाटते. म्हणून आज जरा लांबण लावते.

पट्टा मुळात माझा नाही. हमालाचा आहे.

हमाल म्हणजे आमचा मित्र. बँकेत नोकरी, आईबरोबर चौदाव्या मजल्यावर घर. आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण ग्रुपमध्ये ते कोणी वापरायचं नाही. तोही फोन उचलून ‘हमाल बोलतोय’ म्हणायचा. एकदा बँकेच्या फोनवरही म्हणाला होता.

आम्ही ॲडव्हेंचर रेसिंग करायचो. पळायचं, सायकल मारायची, होडी वल्हवायची, दोरावरून कडा उतरायचा, आणि हे सगळं जीपीएस न वापरता, नकाशा आणि होकायंत्राच्या भरवशावर, रात्र असो की दिवस. १९८९ साली न्यूझीलंडमध्ये या प्रकारातली पहिली मोठी शर्यत झाली, तिथून हे वेड पसरलं. मोठ्या शर्यतींना चौघांचा संघ लागतो आणि तो मिश्र असावा लागतो. पुण्याजवळच्या ‘एन्ड्युरो ३’ला नावाप्रमाणे तिघांचा. (माझा शिरकाव असाच झाला. एका संघाला एक बाई कमी पडत होती, आणि मी येऊरच्या रस्त्यावर सायकल चालवताना दिसले होते. निवड वगैरे काही झाली नाही.) बाकी नियम ढीगभर, पण खेळ एकाच नियमावर उभा आहे: संघाने एकत्र राहायचं आणि शेवटचा माणूस पोचला की संघ पोचला. पुढे पळून जाणाऱ्याला शून्य किंमत. त्यामुळे ज्याच्या पायात जास्त जोर आहे त्याने दमलेल्याचं वजन घ्यायचं, चढावर त्याला बांधून ओढायचं. याला आम्ही टो म्हणतो. ‘ही लबाडी नाही का?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. नाही. हाच खेळ आहे.

आता मुंबईत डोंगर रोज कुठून आणायचा? म्हणून हमाल घरचा जिना चढायचा. चौदा मजले, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक, पाच फेऱ्या. काही दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की बाटल्या वर नेऊन परत खाली आणण्यात अर्थ नाही. मग तो खाली गेटपाशी उभा राहून लोकांच्या बाजाराच्या पिशव्या गोळा करू लागला. नवव्या मजल्यावरच्या आजींचे दहा किलो तांदूळ, अकराव्यावरच्यांचं कलिंगड. लिफ्ट बंद पडली की सगळी इमारत शिव्या घालायची आणि हा खुशीत बूट बांधायचा. तिथली लहान मुलं त्याला खरंच हमाल समजायची. एका पाहुण्याने त्याला वीस रुपये दिले होते, ते त्याने फ्रेम करून लावले.

दुसऱ्याला देण्यात तो इतका सैल होता की दुसऱ्याचं सामानही देऊन टाकायचा. माझा हेडलॅम्प त्याने कोणा पोराला पहिल्या शर्यतीसाठी दिला आणि कोणाला ते विसरला. मी चिडले तर म्हणाला, ‘अगं, अंधारात गेला असता तो.’ जणू मी उजेडातच फिरणार होते. आणि नकाशात ढ. उत्तर दाखव म्हटलं की आत्मविश्वासाने पूर्व दाखवायचा. नकाशा माझ्याकडे असायचा म्हणून आमचं जमलं.

पट्ट्याची पहिली ओळख माळशेजला झाली. जुलै महिना, आम्ही चौघं, कल्याण, मुरबाड करत सायकलवर निघालेलो. टोकावड्यात चहा घेतला तेव्हाच माझी मांडी कुरकुरत होती, मी बोलले नाही. घाट सुरू झाला, पाऊस आडवा, धुक्यात पुढची सायकल दिसेना. हमाल मागे आला. ‘दमलीस का’ असं त्याने विचारलंच नाही. म्हणाला, ‘माझ्याकडे जागा आहे.’

मी म्हटलं, नको.

दोन वळणांनंतर परत, ‘सॅक अर्धी रिकामी आहे माझी. हलतेय नुसती, त्रास होतोय.’

मी परत नको म्हटलं. आपण आपलं ओझं दुसऱ्यावर टाकत नाही वगैरे जे काही घरात शिकवलेलं असतं ते सगळं त्या नकोमध्ये होतं. तिसऱ्या वेळी तो वैतागला. ‘हे बघ, तू संपल्यावर सांगणार, मग आपण या पावसात तुझा पाय चोळत बसणार आणि मी गारठणार. मला गारठायचं नाहीये. दे इकडे.’ माझी सॅक त्याने पोटावर अडकवली, सीटखालचा पट्टा खेचून त्याचा फास माझ्या हँडलच्या दांड्याला अडकवला आणि पुढे निघाला.

मला वाटलं होतं, जत्रेतल्या बैलासारखं ओढत नेईल. तसं काहीच होत नाही. पॅडल तुम्हालाच मारावं लागतं. फक्त चढ थोडासा कमी झाल्यासारखा वाटतो, कोणीतरी रस्ता बोटभर खाली दाबल्यासारखा. पट्ट्याच्या पुढे त्याने इलॅस्टिकचा तुकडा जोडला होता, नाहीतर प्रत्येक पॅडलला झटका बसतो आणि ओढणारा, ओढून घेणारा दोघंही एकमेकांना शिव्या घालतात. तो एकदाही मागे वळला नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, मागे बघितलं की माणसाला लाज वाटते आणि तो पट्टा सोडतो.

२०१९ साली फिजीत झालेली इको-चॅलेंज ही याच प्रकारातली शर्यत आम्ही दुसऱ्या वर्षी लॉकडाऊनमध्ये आपापल्या घरी एकाच वेळी लावून बघितली. ६६ संघ, ६७१ किलोमीटर. आपल्याकडच्या ताशी आणि नुंगशी मलिक या जुळ्या बहिणी त्यात होत्या, त्यामुळे फोनवर नुसता आरडाओरडा. पण हमालाचा जीव अडकला होता मार्क मेसीत. जुना मुरलेला रेसर, अल्झायमरचं निदान झालेलं, आणि मुलाबरोबर शर्यतीत उतरलेला. मुलगा त्याच्या सामानाकडे बघतोय, त्याला आठवण करून देतोय. मला ते बघवेना. हमालाचा मेसेज आला, ‘म्हातारा बघ किती छान घेतोय.’ देतोय नाही, घेतोय. मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

२०२२ मध्ये त्याला कॅन्सर निघाला. आम्हाला वाटलं हा लपवणार, एकटा जाणार-येणार, आणि आम्हाला शेवटी कळणार. ज्यांना द्यायची सवय असते त्यांच्याबद्दल आपण असंच धरून चालतो. निदानाच्या तिसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज: ‘माझ्याकडे जागा नाही. वजन घ्या.’ खाली यादी. सोमवारचा डबा कोणी, आईला बँकेत कोणी न्यायचं, रक्त द्यायला कोणाकोणाला आधीच सांगून ठेवायचं, रात्री कोण झोपायला. डब्यापुढे कंसात ‘तिखट कमी, पण अगदी आजाऱ्यासारखं नको’. मला गुरुवार दिला: परळला हॉस्पिटलात फाईल घेऊन खिडक्या हिंडायच्या. नकाशा हिला कळतो, हे कारण. पहिल्याच गुरुवारी मी चुकीच्या मजल्यावर चुकीच्या रांगेत दीड तास उभी राहिले. तो खुर्चीत बसून हसून हसून खोकला. पुढे कितीतरी दिवस मला बघितलं की पूर्व दाखवायचा.

आम्हा सगळ्यांना काम होतं, म्हणून आम्ही त्याच्या समोर उभे राहू शकलो. रिकाम्या हाताने उभं राहवलं नसतं. हे त्याला कळत होतं की तो फक्त शर्यतीत करायचा तेच करत होता, मला सांगता येणार नाही. विचारायचं राहून गेलं.

२०२३च्या श्रावणात तो गेला. महिन्याभराने काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, आम्हाला बोलावून सामान पलंगावर मांडलं. जवळजवळ निम्मं आमचंच निघालं. माझा हेडलॅम्पही सापडला, त्यावर मार्करने कोणा तिसऱ्याचंच नाव. वीस रुपयांची फ्रेम काकूंनी ठेवून घेतली. पट्टा मी मागून घेतला. मागितला, हे मुद्दाम सांगते, कारण माझी सवय तशी नव्हती.

परवाचंच. माळशेजला जायचं म्हणून कल्याणकडे निघाले होते, मुलुंडला सायकल घेऊन लगेज डब्यात चढले. भाऊच्या धक्क्यावरून आलेली एक मावशी दाराशी पाटी ठेवून बसली होती, खालून बर्फाचं पाणी वाहत होतं. तिने विचारलं, ‘कुत्रा कुठाय गं तुझा?’ ठाणे येईपर्यंत मी तिला बरंच काही सांगितलं, म्हणजे वर लिहिलंय त्यातलं निम्मं. तिने पट्टा खेचून बघितला, सोडून दिला, परत खेचला. ‘माणूस ओढते याने?’

‘ओढते.’

‘मग माझी पाटी घे की डोंबिवलीला. पूल चढायचाय मला.’

पाटी पट्ट्याने ओढता येत नाही, हे मी तिला समजावलं. तिला पटलं नाही. शेवटी डोंबिवलीला सायकल खांबाला कुलूप लावून ठेवली आणि पाटीचा एक कान तिने, एक मी, असं करत पुलावर चढलो. पाटी चांगलीच जड होती. वर पोचल्यावर तिने पानात गुंडाळून चार बोंबील माझ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबले. मी ‘नको, नको’ म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. माळशेजला पोचेपर्यंत त्यांचं काय झालं असेल ते तुम्हाला कळेलच. सॅक दोनदा धुतली, वास अजून आहे.