तुम्ही विचारलंत म्हणून: जेवण फुकटच आहे, मग फॉर्म कशाला?

मी इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात काम करते. आपल्याकडच्या आया खिडकीशी येऊन हमखास विचारतात, "ताई, लहान वर्गातल्या सगळ्यांनाच जेवण फुकट आहे ना? मग हा फ्री स्कूल मील्सचा फॉर्म कशाला भरायचा?"

जेवणासाठी नाहीच भरायचा. त्या फॉर्मवर शाळेला पैसे मिळतात. 2011 पासून चालू असलेला हा प्युपिल प्रीमियम. घराला युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी कमाईच्या घरांना मिळणारी सरकारी मदत, मिळत असेल आणि कापून हातात येणारी कमाई वर्षाला 7,400 पौंडांच्या आत असेल, तर 2025-26 साली त्या मुलामागे प्राथमिक शाळेला 1,515 पौंड मिळतात. सप्टेंबर 2014 पासून रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते दुसरीपर्यंत सरसकट जेवण फुकट झालं. फार चांगलं झालं, पण फॉर्म भरायचं कारणच लोकांच्या डोक्यातून गेलं. मूल जेवतं, शाळेचे पैसे बुडतात. आणि एकदा नोंद झाली की पुढे घरची कमाई वाढली तरी सहा वर्षं ते येत राहतात! एका कागदाचे.

पैसे तुमच्या हातात येत नाहीत. कशावर खर्च करायचे ते शाळा ठरवते आणि दरवर्षी डिसेंबरअखेर वेबसाइटवर मांडते. वाचा ते, प्रश्न विचारा. तो तुमचा हक्क आहे.

गेल्या वर्षी एक गोव्याची आई आली, पोर्तुगीज पासपोर्टवर इथे आलेली. एकटी, संध्याकाळी दोन-तीन तास साफसफाईचं काम. फॉर्म महिनाभर पर्समध्ये, घड्यांवर फाटत आलेला. हळूच म्हणाली, "पोराला वर्गात गरीब म्हणतील हो." मला गलबलून आलं. वर्गात कुणाला कळत नाही, जेवणाची रांग सगळ्यांची एकच, हे तिला सांगितलं आणि तिथेच फॉर्म भरायला बसलो. नाव, जन्मतारीख, नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे इथे काम करणाऱ्याचा सरकारी नंबर. नंबर तिला तोंडपाठ होता. पाच मिनिटंही लागली नाहीत. तिचा मुलगा तेव्हा पहिलीत होता, अक्षरं ओळखायचा पण जोडून वाचता यायचं नाही. आता आठवड्यातून तीनदा एक मदतनीस बाई त्याला शेजारी घेऊन वाचायला बसते.

ऑक्टोबरमध्ये शाळांतल्या मुलांची गणती होते, त्यावरून हे पैसे ठरतात, म्हणून त्याआधी नाव लागलेलं बरं. तुमचाही फॉर्म पर्समध्ये असेल तर खिडकीशी या. नंबर आठवत नसेल तर पे-स्लिप आणा, तिच्यावर असतो.