तंबोरा जुळवताना: गाणं, वाजवणं आणि ऐकणं

ख्याल शिकणाऱ्या आमच्या वयाच्या मुलामुलींच्या हातात तंबोऱ्याचं अॅप आधी येतं आणि खरा तंबोरा बऱ्याच उशिरा. अॅपमध्ये सा तयार मिळतो. तंबोऱ्यावर तो आपल्याला शोधावा लागतो, आणि या शोधण्यात कानाला जेवढं काम पडतं तेवढं दुसऱ्या कुठल्याही रियाजात पडत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. मुंबईतल्या छोट्या फ्लॅटमध्ये, दमट हवेत आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांमध्ये हे काम मी कसं करते, ते लिहिते.

माझी पट्टी, म्हणजे माझा सा, पांढरी पाच: पेटीवरची (हार्मोनियमवरची) पाचवी पांढरी कळ. बायकांचे गळे साधारणपणे पांढरी पाच ते काळी पाच या टापूत बसतात, पुरुषांचे पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास. पट्टीवरून तारांची जाडी ठरते, म्हणून तंबोरा घेताना किंवा तारा बदलताना दुकानदाराला आधी पट्टी सांगायची. काळी एकसाठी बांधलेल्या तंबोऱ्याच्या तारा ओढून पांढरी पाचपर्यंत नेल्या तर तार तुटते, आणि नाही तुटली तरी तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, नको तेवढा ताण येतो. उलट बाजूने, बायकी तंबोरा फार उतरवला तर तारा सैल पडून घोडीवर, म्हणजे त्या टेकतात त्या रुंद आधारावर, नुसत्या फडफडतात. दादरच्या वाद्यांच्या दुकानांत पट्टीप्रमाणे तारांचा संच मिळतो. तंबोरा मात्र बहुतेकांचा मिरजेचाच असतो: पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

जुळवायला बसण्याआधी मी पंखा, फ्रिज आणि ट्यूबलाइट बंद करते. हे सोवळं-ओवळं नाही, त्यामागे साधा हिशेब आहे. आपली वीज 50 हर्ट्झची. जुन्या चोकची ट्यूब, पंख्याचा रेग्युलेटर, फ्रिज यांची गुणगुण बहुधा त्याच्या दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झवर असते. पांढरी पाचचा खर्ज, म्हणजे तंबोऱ्यातला सगळ्यांत खालचा सा, येतो 98 हर्ट्झवर. दोन्ही इतके जवळ की खर्ज अगदी बरोबर लागला तरी खोलीतल्या गुणगुणीशी भांडून सेकंदाला आवाजाचे दोन हेलकावे ऐकू येतात. मग आपण खर्जाला दोष देत खुंटी पिळत बसतो. पांढरी एकमध्ये गाणाऱ्यांचीही यातून सुटका नाही, कारण त्यांचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम त्याच 98 वर पडतो.

तंबोऱ्याला चार तारा: पंचम, मधल्या दोन सारख्या सा च्या म्हणजे जोड, आणि खर्ज. आधाराला एकच सूर घ्यायचा, मग तो पेटीचा असो, अॅपचा असो किंवा पिच पाइपचा. त्याच्याशी आधी फक्त एक जोडाची तार मिळवायची आणि आधार लगेच बंद करायचा. पुढचं सगळं तंबोऱ्याच्या आतच मिळवायचं. दुसरी जोडाची तार पहिलीशी, मग खर्ज जोडाशी आणि शेवटी पंचम. ट्यूनरच्या काट्यावर चारही तारा वेगवेगळ्या लावल्या तर प्रत्येक तार आपापल्या जागी ठीक दिसते, पण एकत्र छेडल्यावर तंबोरा बोलत नाही. याचं एक कारण असं की ट्यूनर पंचम दाखवतो तो पेटीच्या सम विभागणीचा, 700 सेंटचा (शेजारच्या दोन सुरांमधलं अंतर 100 सेंट). तारांमधला नैसर्गिक पंचम 702 सेंटचा असतो. फरक दोनच सेंटचा, पण जवारी, म्हणजे तारांचा झणत्कार, चांगली असेल तर तो कळतो.

हेलकावे ऐकायला शिकणं हा या सगळ्याचा गाभा आहे. दोन जोड एकामागून एक छेडायचे आणि दोन्ही वाजत असताना आवाज लाटांसारखा मोठा-लहान होतो का ते पाहायचं. एका हर्ट्झचा फरक असेल तर सेकंदाला एक लाट. खुंटी फिरवताना लाटा संथ होत गेल्या तर आपण बरोबर दिशेने चाललो आहोत, वेगाने येऊ लागल्या तर उलट. लाट इतकी लांबली की तार विझेपर्यंत ती पुरी होत नाही, तिथे थांबायचं. पंचम लावताना हेच हेलकावे वरच्या अंशस्वरांत, म्हणजे तारेच्या मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांत, ऐकावे लागतात. म्हणूनच तो सगळ्यांना अवघड वाटतो.

खुंटीचं तंत्र हातात बसायला वेळ लागतो. फिरवताना खुंटी आत दाबत राहायची, नाहीतर सोडल्याबरोबर मागे सरकते. सुरावर नेहमी खालून वर यायचं. वरून उतरवत आणलेली तार खुंटीवर नीट बसत नाही आणि पाच मिनिटांत आणखी उतरते. सूर चढा झालाच तर सरळ थोडी जास्त ढिली करून पुन्हा वर यावं. आणि तारेवरून बोट नेत कुठली खुंटी कुठल्या तारेची हे आधी पक्कं करावं. दोन खुंट्या समोर आणि दोन बाजूंना असल्यामुळे नवख्याचा हात भलत्याच खुंटीवर जातो, एक तार छेडत दुसरी चढवली जाते आणि ती फट्‌कन तुटते. शेवटचा बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्याने काढायचा. मणी घोडीपासून लांब, लंगोटाकडे (तारेचं खालचं टोक अडकवतात तिकडे) सरकवला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. मण्याला दोन्हीकडे जागा राहील अशा बेताने खुंटी लावायची. मणी घोडीला टेकलेला आणि सूर अजून चढाच, अशी वेळ आली तर पुन्हा खुंटीपासून सुरुवात.

तार बदलताना क्रम असा: लंगोटाला फास, मग मणी ओवायचा, मग घोडीवरून खाचेत, तारगहनाच्या (खुंट्यांजवळच्या आडव्या पट्टीच्या) भोकातून वर आणि खुंटीला दोन-तीन वेढे. मणी ओवायचा राहिला की सगळं उलगडून पुन्हा करावं लागतं, आणि पितळेची तार दुसऱ्यांदा वाकवली की वेढ्यापाशीच तुटायचा संभव असतो. नवी तार एक-दोन दिवस उतरतच राहते. ताणून बसेपर्यंत तिच्यावर चिडून उपयोग नाही.

आता जवारी. घोडीच्या रुंद पाठीला अगदी हलका उतार दिलेला असतो आणि तार तिथे पुन्हापुन्हा टेकते, त्यातून तो झणत्कार येतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये शिवणकामाचा सुती दोरा, चार-पाच इंचांचा तुकडा, सरकवायचा. हळूहळू पुढे-मागे करत नेला की एका जागी आवाज अचानक उघडतो, त्याच्या केसभर पुढे गेलं की बंद. एका हाताने दोरा सरकवताना दुसऱ्या हाताने तीच तार सारखी छेडत राहायचं. दोरा जाड वाटला तर त्याचा एक पेड काढून टाकावा. दोऱ्यामुळे सूर किंचित हलतो, म्हणून क्रम सूर, दोरा, पुन्हा सूर असाच. कुठेही दोरा ठेवला तरी तार उघडत नसेल तर घोडीवर तारेने खाच पाडली आहे असं समजावं. तेव्हा जवारी काढायला जाणत्या कारागिराकडेच जावं. घरी पॉलिशपेपर घासून बघायचा मोह आवरावा, कारण घोडीचा बिघडलेला उतार पुन्हा आणणं फार कठीण.

चारही तारा नीट उघडल्या की खर्जातून कुणीही न वाजवलेला गंधार ऐकू येतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. 98 च्या खर्जाचा पाचवा अंशस्वर 490 हर्ट्झवर येतो, तो हा. पेटीवर तोच गंधार 493.9 वर असतो, म्हणजे चौदा सेंट चढा. पेटी आणि तंबोरा दोन्ही चालू ठेवून गंधारावर थांबा, सेकंदाला जवळजवळ चार हेलकावे मोजता येतात. यमन किंवा भूप रागातला गंधार पेटीवरून उचलला की गाणं चढं वाटतं याचं उत्तर या चार हेलकाव्यांत आहे. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली तेव्हाच्या वादात हाही एक मुद्दा होता. बंदीचं समर्थन मी करणार नाही, जाणता पेटीवादक कुठला सूर धरायचा आणि कुठला नुसता सोडून द्यायचा हे बरोबर ओळखतो. पण एकट्याने रियाज करताना पेटीवर सूर धरून गाणं मी सोडलं आहे. पेटी फक्त पट्टी घेण्यापुरती.

पंचमाची तार राग बघून बदलावी लागते. मालकंस, ललत यांना मध्यम. मारवा, पूरिया, सोहनी यांना निषाद. निषाद जुळवणं सगळ्यांत कठीण, कारण तो खर्जाशी पंचमासारखा चटकन मिसळत नाही. पंचम आधी बरोबर लावावा, त्याच्या तारेतला पाचवा अंशस्वर म्हणजे शुद्ध निषाद, तो कानात भरून घ्यावा आणि मग तार तिथवर चढवावी. ही युक्ती मला सगळ्यांत भरवशाची वाटते.

वाजवणं सोपं दिसतं. मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने दोन्ही जोड आणि खर्ज. नखाने नाही, बोटाच्या कडेच्या मांसल भागाने, तार ओढून न सोडता तिच्यावरून बोट सरकवत. एक आवर्तन साधारण चार-पाच सेकंदांचं, आणि खर्जानंतर थोडा जास्त श्वास. तबला सुरू झाला की बोटं नकळत ठेक्यात जातात, तेवढं टाळायचं. मैफलीत मागे दोन तंबोरे असतील तर दोघांनी मुद्दाम वेगवेगळ्या वेळी छेडायचं, म्हणजे आवाजात भोक पडत नाही. दोन्ही तंबोरे एकाच कानाने जुळवलेले बरे. एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरा लावला की दोघंही बरोबर असतात आणि एकत्र काहीतरी खटकतं.

सभागृहातली खरी अडचण एसीची. थंडीने तार आखडते आणि सूर चढतो, मंचावरच्या दिव्यांखाली तो उतरतो. कोरड्या हवेने खुंट्या सैल होऊन सरकतात, त्यासाठी थोडा खडू लावायचा. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून अडकतात. म्हणून तंबोरे पाऊण तास आधी गवसणी (कापडी खोळ) काढून मंचावरच ठेवावेत आणि शेवटचं जुळवणं दिवे लागल्यावर करावं. ग्रीनरूममध्ये लावून आणलेला तंबोरा मंचावर टिकत नाही. गायिका बंदिश संपवून पाणी पिते तेवढ्यात, तिचं लक्ष जाऊ न देता, मण्यावर बोट फिरवून दुरुस्ती करता यायला हवी. मागे बसणाऱ्याची परीक्षा इथेच होते.

गळा आणि तंबोरा यांचं मिसळणं आवाज लहान ठेवल्याशिवाय ऐकू येत नाही. सकाळी मंद्रात एकेका सुरावर पुरा श्वास, ‘आ’कारात, तंबोऱ्याच्या वर आवाज न नेता. सूर बरोबर लागला की आपलाच आवाज वेगळा ऐकू येईनासा होतो, चुकला की लगेच बाहेर पडतो. हेडफोनवर तानपुरा लावत असाल तर एक कान मोकळा ठेवा. दोन्ही बंद केले की हाडांतून येणारा आपला आवाज फुगीर लागतो आणि सूर पडला तरी कळत नाही. फोनच्या छोट्या स्पीकरमधून 98 हर्ट्झचा खर्ज जवळपास बाहेरच पडत नाही, त्याचे फक्त वरचे अंशस्वर ऐकू येतात. पुरुषांचा काळी एकचा खर्ज तर 69 वर. एखादा बऱ्यापैकी स्पीकर जोडला तरच आधार मिळतो.

स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायचं असेल तर फोन तोंडासमोर नको, दोन मीटरवर ठेवावा. आवाज स्वच्छ करणारं सेटिंग बंद करावं, कारण सतत वाजणारा तंबोरा त्याला गोंगाट वाटतो आणि ते तो पुसून टाकतं. ऑनलाइन शिकवणीतही हेच होतं. ताईंना, म्हणजे माझ्या गुरूंना, समोरून नुसता माझा गळा ऐकू जातो, तंबोरा गायब. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ सुरू केला की तो परत येतो. तरी दोघींनी एकत्र गाणं जमत नाही, आवाज पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे तंबोरा शिकणाऱ्याच्या बाजूला ठेवायचा, त्यांनी ओळ सांगायची आणि आपण गायची. ताईंच्या बाजूचा तंबोरा त्या वेळी बंद.

मुंबईत वाद्य सांभाळणं हे वेगळंच काम. खाऱ्या दमट हवेने पोलादी तारा गंजतात, म्हणून रियाजानंतर कोरड्या सुती कपड्याने प्रत्येक तार पुसायची, घोडीवर मात्र कपडा घासायचा नाही. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला तंबोरा टेकवू नये. प्लॅस्टिकची पिशवी नको, सुती गवसणी बरी, तंबोरा खोक्यात ठेवत असाल तर सिलिका जेलच्या पुड्या टाकून दर काही आठवड्यांनी बदलाव्यात. भोपळ्याखाली कापडाची चुंबळ हवीच. लोकलने न्यायचाच असेल तर दुपारी, सामानाच्या डब्यातून, उभा धरून. टॅक्सीत मागच्या सीटवर आडवा, तबली वर करून. निघण्याआधी चारही तारा थोड्या उतरवाव्यात, आणि दोरे काढून गवसणीच्या खिशात ठेवावेत, कारण ते वाटेत गळून पडतात आणि सभागृहात ऐनवेळी सुती दोरा कुणाकडेच नसतो.