बारा स्पिन आणि गायब झालेले किंक

शनिवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन रामबागेतल्या घरी लॅपटॉप उघडला, म्हटलं आज ग्राफ काढूनच उठायचं. माझी पीएचडी स्पिनच्या (वर किंवा खाली वळणाऱ्या इवल्या चुंबकांच्या) साखळ्यांवर आहे, त्यांचं गणिती रूप म्हणजे ट्रान्सव्हर्स फील्ड आयसिंग मॉडेल. आडवं चुंबकीय क्षेत्र आधी जोरात ठेवायचं, मग हळूहळू शून्यावर आणायचं, मधे क्रांतिक बिंदू लागतो, तिथे फेज, म्हणजे स्पिनची एकूण मांडणीच, बदलतो (तापमान शून्यच, बदल होतो तो क्वांटम चढउतारांमुळे) आणि पुढे शेजारचे स्पिन एका दिशेला वळतात. घाईत ओलांडलं तर कुठे वर कुठे खाली असे तुकडे पडतात, त्यांच्या सीमा म्हणजे किंक. किबल-झुरेकच्या (किती घाईला किती किंक ते सांगणाऱ्या नियमाच्या) हिशोबाने क्षेत्र उतरवायला वेळ चौपट दिला की किंक निम्मे, हाच ग्राफ मला काढायचा होता.

माझे निम्म्याहून कितीतरी कमी आले. परत चौपट केला तर जवळजवळ शून्य! टाइम-स्टेप बारीक केला, चिन्हं तपासली, आईने दोनदा जेवायला हाक मारली तरी मी कोडमध्येच, शेवटी सरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, स्पिन किती घेतलेस?"

बारा.

तेव्हा लख्ख कळलं. साखळी लहान असली की क्रांतिक बिंदूपाशीही ऊर्जेतली फट (सगळ्यात खालच्या पातळीपासून पुढच्या पातळीपर्यंतचं अंतर) मिटत नाही, साधारण लांबीच्या व्यस्त प्रमाणात उरतेच, म्हणून सावकाश गेलं की साखळी अलगद पार होते. कोड बरोबर होता, बारा स्पिनना खरं फेज ट्रान्झिशन होतच नाही.

हे मॉडेल मुक्त फर्मिऑनमध्ये (एकमेकांशी परस्परक्रिया नसलेल्या कणांत, त्यामुळे गणित सोपं) बदलता येतं म्हणून संध्याकाळी 400 स्पिन लॅपटॉपवर चालवले आणि किबल-झुरेकची रेषा आली, अगदी हवी तशी. पण परस्परक्रिया जरा बदलली की ही वाट बंद, मग 51 स्पिनची अवस्था नुसती साठवायलाच सुमारे 36 पेटाबाइट लागतात. 2019 मध्ये हार्वर्डच्या गटाने 51 रुबिडियम अणू लेझरच्या चिमट्यांत ओळीने धरून याच जातीचा क्रांतिक बिंदू वेगवेगळ्या वेगाने ओलांडला, एकाआड एक रिडबर्ग (लेझरने खूप वरच्या ऊर्जेवर नेलेल्या) अणूंची रांग जिथे तुटते तिथे किंक मोजले आणि ते वेगाप्रमाणे कसे बदलतात त्याचा घातांक आयसिंगशी जुळला. तो पेपर मी आधी वाचला होता, पण एवढे अणू धरायची खटपट का केली असेल ते शनिवारी समजलं.

आता 24, 48, 96 स्पिनचे ग्राफ एकावर एक काढतेय, कुठली साखळी कुठल्या वेळेला रेषेवरून खाली घसरते ते बघायला. लांबी दुप्पट झाली की तो वेळ चौपट व्हायला हवा, 24 आणि 48 चं जमलंय, 96 अजून रन होतंय.