तो वर जाणारा बाण

"भावजी, हा बाण वर आहे म्हणजे कॅन्सरच असतोय ना ओ?"

वहिनीनं मोबाईल पुढं धरला तेव्हा हात थरथरत होता. फुल बॉडी पॅकेजचा रिपोर्ट, सगळं नॉर्मल, फक्त सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात त्या रक्ताच्या टेस्टसमोर ४१ ठळक अक्षरात आणि शेजारी वर जाणारा बाण. मर्यादा ३५. खलबत्त्यात चटणीच्या शेंगा तशाच अर्धवट कुटलेल्या.

दोन रात्री झोपली नाही ती. आज सात रस्त्याजवळच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं, त्यांनी आधी एकच विचारलं, रक्त दिलं तेव्हा पाळी चालू होती का? होती. पाळीत हा आकडा वाढू शकतो, गर्भाशयात साध्या गाठी असल्या तरी वाढतो. काही त्रास नाही, घरात कुणाला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर नाही, अशा बाईनं ही टेस्ट करूच नये म्हणाल्या, मोठमोठ्या अभ्यासांतही तिच्यामुळं जीव वाचल्याचं दिसलं नाही.

"मग पॅकेजमध्ये घातलीच कशाला?" वहिनीनं विचारलं. मॅडम गप्पच.

मला खरा राग पुढं आला. वहिनी ३८ ची, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आजवर एकदाही नाही, आणि त्या एवढ्या लांबलचक पॅकेजमध्ये ती नव्हतीच! बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि ही तपासणी तिशीनंतर करा असं सरकारच सांगतंय, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

उद्या घेऊन जातोय तिला. तुमच्या घरातल्या बायकांची झालीय का ओ?