पांढरी बस: मागच्या एक्सलवर ४५० किलो जास्त

फिरतं घर म्हणून जी जुनी पांढरी बस विकत घ्यायचं चाललंय, ती परवा धरणगावजवळच्या एका जिनिंगच्या भुईकाट्यावर चढवली आणि सौदा तिथेच थांबवला.

मालक पहिल्यापासून सांगत होते, "एकूण वजन पासिंगच्या आत आहे, भाऊ." ते खरंच आत आहे. आरसीवर १६,२०० किलो, काट्यावर टाक्या भरून १५,६४०. पण काटेवाल्या काकांना विनंती करून आधी फक्त पुढची चाकं आणि मग फक्त मागची चाकं काट्यावर घेतली. मागे कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या, तरी त्यांनी करून दिलं. पुढे ४,९९०, मागे १०,६५०. जुन्या पासिंगला मागच्या चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ टन. २०१८ मध्ये ती ११.५ झाली, पण ही बस त्याआधीची आहे आणि आरसी जुन्याच आकड्यावर.

दोष पाण्याच्या टाकीचा. ६०० लिटरची टाकी मागच्या एक्सलच्या दोन मीटर मागे, ओव्हरहँगमध्ये (मागच्या चाकांच्या मागे लटकणाऱ्या भागात) टांगली आहे, आणि इंजिनही मागेच. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, ६.२ मीटर. ६०० गुणिले २, भागिले ६.२: साधारण १९० किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात आणि मागे ६०० ऐवजी ७९० पडतात. टाकी रिकामी करून पुन्हा काटा केला: पुढे ५,१८०, मागे ९,८६०. गणित आणि पावती तंतोतंत जुळली! कन्नड घाटातल्या ट्रायलपासून स्टिअरिंग हलकं का लागतं, हा प्रश्न मला छळत होता. त्याचं उत्तर हातात आलं याचा आनंद सौदा थांबल्याच्या दुःखापेक्षा मोठा होता.

ग्रॅनाइटचा ओटा आणि स्लाइड-आउट (गाडी उभी असताना बाहेर सरकणारी खोली) सुचवणाऱ्या मित्रांना एवढंच सांगतो: अमेरिकेत मॅरेथॉन किंवा लिबर्टी या बसची घरं बनवणाऱ्या कंपन्या हे सगळं करतात ते कॅनडातल्या क्यूबेकच्या प्रेव्होस्ट कंपनीच्या ४५ फुटी शेलवर, म्हणजे आतून रिकाम्या बसवर. त्याला मागे टॅग एक्सल, म्हणजे भार वाटून घेणारा जादा एक्सल असतो, म्हणजे एकूण तीन एक्सल. आपल्या बसला दोनच. फोटो तिकडचे बघावेत, वजनाचा हिशेब इकडचा करावा. मी प्लायवूडचाच ओटा ठेवणार.

आता उपाय. टाकी पुढे ओढून मधल्या डिक्कीत, मागच्या एक्सलच्या दोन मीटर पुढे घेतली, तर तेच १९० किलो पुढच्या चाकांवर जातात. पुढे ५,३७०, मागे १०,२७०. अजून ७० किलो जास्तच.

म्हणून बॅटऱ्यांकडे वळलो. एक्सलच्या बरोबर वर लेड-ॲसिडच्या आठ बॅटऱ्या आहेत, १५० एएचच्या (अँपिअर-तास), मिळून साधारण ४४० किलो. कागदावर १४.४ युनिट, पण निम्म्यापेक्षा जास्त वीज काढली तर बॅटऱ्यांचं आयुष्य लवकर संपतं, म्हणजे हाती ७ युनिट. जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. रात्री दीड टनाचा एसी आठ तास चालवायचा तर सरासरी एक किलोवॅट धरून ८ युनिट लागतात. त्या जागी ५१.२ व्होल्ट, २०० एएचचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅक बसवला तर वजन शंभर किलोच्या आसपास आणि साठा १०.२४ युनिट. मागचा एक्सल ९,९३० वर येतो. महाग आहे, पण एकाच खर्चात वजन आणि झोप दोन्ही सुटतात. एवढी सोपी गोष्ट मला दोन महिन्यांनी दिसली.

हे लिहितानाच एक गोष्ट लक्षात आली. पाणी वापरलं म्हणून वजन उतरत नाही, ते ग्रे टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत जातं! आणि ग्रे टँकही ओव्हरहँगमध्येच आहे. म्हणजे फक्त स्वच्छ पाण्याची टाकी पुढे आणली, तर पहिल्या दिवशी गाडी बरोबर आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मागे झुकलेली. तोरणमाळच्या घाटातून उतरताना नेमकी तीच अवस्था असेल. दोन्ही टाक्या मधल्या डिक्कीत शेजारीशेजारी बसवाव्या लागतील. मग सामान कुठे ठेवायचं, ते नव्याने बघतो.

आरसीवर अजून 'बस' आहे, 'मोटर कॅरॅव्हॅन' नाही. ती नोंद होईपर्यंत बयाणा देणार नाही, हे मालकांना स्पष्ट सांगितलं आहे. रविवारी अजिंठा चौफुलीजवळच्या फॅब्रिकेटरला घेऊन डिक्कीचं माप काढतो. टाक्यांची आतली उंची ४० सेंटिमीटरच्या आत बसली, तर पुन्हा काट्यावर जाऊ.